वायसरची वही

सासऱ्यांना सगळी वस्ती वॉलमन म्हणायची. सूनही मनातल्या मनात तेच म्हणायची, तोंडावर फक्त ‘बाबा’. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, आत चावी घालून व्हॉल्व्ह उघडायचा आणि ठरल्या वेळेला ठरल्या गल्लीचं पाणी सोडायचं. ठरल्या वेळेला बंद करायचं. ऐकायला एवढंसं वाटतं, पण ज्याच्या हातात ही चावी असते त्याला निम्मी वस्ती पाण्यात पाहते. ह्या माणसाविरुद्ध मात्र एकतीस वर्षांत एक तक्रार गेली नाही. उलट त्यांच्या झाकणाचा आवाज ऐकून लोक आपली घड्याळं लावायचे.

“चावी हळू फिरवायची,” हा त्यांचा एकुलता एक उपदेश. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पाणी आत आपटतं, सगळा पाइप हादरतो आणि दोन गल्ल्या पलीकडे कुठला तरी सांधा फुटतो. सुनेला हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळालं, कारण तिने कपाटाचं दार धाडकन लावलं होतं. तिला राग आला. दार आणि व्हॉल्व्ह ह्यांचा संबंध काय, असं ती नवऱ्याला पुढचे दोन दिवस विचारत होती.

वायसर त्यांना सापडला तोही चेंबरमध्येच. एका बंद पडलेल्या लाइनीच्या कोरड्या चेंबरमध्ये, काळं, वाटोळं, मुठीएवढं पिल्लू. नळाच्या आत रबराची काळी चकती असते ना, जी झिजली की नळ ठिबकायला लागतो, तिला नळकाम करणारे वायसर म्हणतात. पिल्लू तस्संच दिसत होतं, म्हणून तो वायसर. पुढे दहा वर्षं तो रोज पहाटे पाचला वॉलमनच्या मागून निघायचा, प्रत्येक चेंबरपाशी बसायचा आणि झाकण बंद झाल्याशिवाय उठायचा नाही. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले. खात्याने हार एकालाच घातला, तो घरी आल्यावर त्यांनी काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

चौदाव्या वर्षी वायसरचे मागचे पाय गेले. आधी फरशीवर घसरायला लागले, मग बसल्यावर उठायला येईना, आणि मग ती गळती सुरू झाली. तो झोपलेला असायचा आणि त्याच्याखालून ओघळ निघायचा. जाग आली की आपल्यालाच ओलं पाहून तो मान फिरवून भिंतीकडे बघायचा. “वायसरचाच वायसर गेला,” असा विनोद नवऱ्याने केला. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही, कारण फरशी पुसायला विनोद करणारा नव्हता, त्याची बायको होती.

ती शिवणकाम करायची. पुढची खोली तिची: खिडकीशी मशीन, मध्ये कापड बेतायचं टेबल, भिंतीला शाळेच्या गणवेशांचे नमुने. गिऱ्हाईक ह्याच दारातून आत येणार, ह्याच खोलीत माप देणार. आता येणारा प्रत्येक जण आधी नाक वर करायचा आणि मग “नमस्कार” म्हणायचा. दिवसातून चार वेळा फिनेल टाकून खोलीला वास असा झाला होता की माप घेताना बायका घाईघाईने हात वर करायच्या आणि घाईघाईने खाली घ्यायच्या. तिने हेही सोसलं असतं. पण एका दुपारी वायसरचा ओघळ टेबलाखाली गेला आणि तिथे उभा करून ठेवलेला पांढऱ्या कापडाचा तागा खालून हातभर पिवळा झाला. गणवेशाचं कापड. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः ठेवून गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, “बाबा, मला आता होत नाही. ह्या घरात एक तर वायसर राहील, नाही तर माझं मशीन.”

नवरा ताटात बघत राहिला. कारखान्यात तीन पाळ्यांना तोंड देणारा माणूस, पण बाप आणि बायको ह्यांच्या मध्ये सापडला की त्याची मान अशीच ताटात जायची. शेवटी तो हळूच म्हणाला, “बाबा, चौदा वर्षं झाली. आता पाणी सोडा त्याच्यावर.”

“एकतीस वर्षं तेच करत होतो,” वॉलमन म्हणाले. कोणी हसलं नाही, मग तेही गंभीर झाले. सुनेकडे वळून म्हणाले, “तुझं बरोबर आहे. पोटापाण्याची खोली आहे ती. मला एक महिना दे. महिन्यात गळती थांबली नाही, तर मी स्वतः त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेतो आणि शेवटचं इंजेक्शन द्यायला सांगतो. तुला तोंड उघडावं लागणार नाही.”

हे शब्द ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण एकदा दिलेली वेळ हा माणूस चुकवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात गेली. खरं सांगायचं तर ती गेली होती डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ‘आता काही होणार नाही’ हे ऐकायला. बाईंनी वायसरचा मागचा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला, तो तसाच उलटा राहिला. “मणक्यात नस दबलीय,” त्या म्हणाल्या. “पाय पूर्वीसारखे होणार नाहीत. लघवीची पिशवी भरली तरी त्याला कळत नाही, ती भरली की सांडते. वेदना नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.”

“म्हणजे टाकी भरून वाहते,” वॉलमन म्हणाले.

“तसंच समजा.”

“मग वाहायच्या आधी सोडायची.”

 डॉक्टरीणबाईंनी वायसरला पोटाखालून उचलून उभं धरलं आणि दाखवलं. मांड्यांच्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवायचे. आत लिंबाएवढं, भरली असेल तर मोसंब्याएवढं काहीतरी हाताला लागतं. ते दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि दाब मागे न्यायचा. “पण जोर करायचा नाही हं. अगदी...”

“हळू,” वॉलमन म्हणाले. सून पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर मनात तोच शब्द म्हणाली होती, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

निघताना त्यांनी बाईंना विचारलं, “आजपासून महिन्याने, सकाळी दहाची वेळ लिहून ठेवाल? लागली तर.” बाईंनी लिहून ठेवली.

मग ते कामाला लागले, आणि हे काम बघण्यासारखं होतं. खात्यातून निघताना आणलेली एक कोरी नोंदवही त्यांच्याकडे होती. तिच्यात रकाने पडले: वेळ, दाब, शेरा. पहिले चार दिवस त्यांनी फक्त बघितलं. वायसर किती वाजता किती पाणी पितो, नंतर किती वेळाने पोट भरतं. जमिनीखालची गळती शोधायची त्यांची एक लोखंडी सळई होती, एक टोक पाइपवर आणि दुसरं कानाला लावायचं. ती वायसरच्या पोटावर टेकवून ते ऐकताना सुनेने पाहिलं तेव्हा ती दोरा ओवता ओवता थांबली. पाचव्या दिवशी पाळीपत्रक भिंतीवर लागलं. पहाटे पाच, सव्वानऊ, दोन, सहा, साडेनऊ. पाणी पिण्याच्या वेळाही ठरल्या. त्याचं पाणी तोडायचं नाही हं, तहानलेलं ठेवून गळती थांबवणं हे चोराचं काम, असं त्यांचं मत.

वहीत नोंदी खात्याच्या थाटात पडत. ‘५.०० पा. सो. दाब चांगला.’ ‘११.४० गळती, किरकोळ. कारण: शिंक.’ पा. सो. म्हणजे पाणी सोडले. वायसरच्या मागच्या बाजूचे केस त्यांनी कापले, दर वेळी कोमट पाण्याने धुऊन, टिपून, मलम लावायचं ठरवलं. जुन्या बाबागाडीची चाकं काढून फळीला लावली आणि त्याला हिंडायला गाडी केली. आणि त्याला उभं धरायला त्यांनी पोत्याची एक झोळी शिवली, सुतळीने, हातभर लांब टाके घालून.

त्या झोळीने घात केला. सूनबाईला कुत्र्याची दया आली असती की नाही कोण जाणे, पण त्या शिलाईचा तिला राग आला. दोन दिवस तिने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी वायसरच्या पोटाला सुतळीचा लाल वळ दिसला आणि तिने झोळी ओढून घेतली. “बाबा, असली शिलाई माझ्या घरातून बाहेर गेली तर लोक काय म्हणतील?” पडद्याच्या जाड कापडाची नवी झोळी तिने तासाभरात शिवली. आतून जुन्या फ्लॅनेलचं अस्तर, कडेला दुहेरी टीप, धरायला दोन पट्टे. पट्टे वॉलमनच्या उंचीला बेतले होते, म्हणजे म्हाताऱ्याला वाकावं लागू नये. हे तिने कोणाला सांगितलं नाही. त्यांना पहिल्याच उचलण्यात कळलं, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात गळत्या दिवसाला दोनवर आल्या, तिसऱ्यात एक. वायसर भिंतीकडे तोंड करेनासा झाला. झोळी दिसली की शेपूट हलवायचा, जेवढी हलत होती तेवढी. चौथा आठवडा पूर्ण कोरडा गेला. पिवळा पडलेला तागा तिने सोड्यात भिजवून, उन्हात घालून पांढरा केला होता. गणवेश शिवून होत आले होते. एक गिऱ्हाईक आत आलं आणि नाक वर न करता “नमस्कार” म्हणालं. तिने मान वर करून त्या बाईकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की बाई गोंधळली. खिडकीतून तिला अंगणातला सासरा दिसायचा. गुडघे मोडून बसलेला, दोन्ही तळवे कुत्र्याच्या पोटाला, डोळे मिटलेले, एकतीस वर्षांचं सगळं शहाणपण हातात आणून एका म्हाताऱ्या जनावराचं पाणी सोडणारा. आपण कधी कोणासाठी एवढं लक्ष देऊन काही केलंय का, असं तिला वाटायचं. मग ती मशीन जोरात चालवायची.

महिना भरायला एक दिवस राहिला असताना वॉलमन केस कापायला गेले. “दोनची पाळी तुझी,” असं सांगून गेले. त्यांनी शिकवलं होतं, तिला आता ते जमत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेश पोचवायचे होते आणि काजं राहिली होती. दोन वाजले. एवढं एक काज, ती म्हणाली. मग आणखी एक. झोळीची वेळ टळली म्हणून वायसर कुंईकुंई करायला लागला. “आले रे, पाचच मिनिटं.” दोन वीसला तिने मान वर केली तेव्हा तो भिंतीकडे बघत होता आणि ओघळ दारापर्यंत गेला होता.

वॉलमन आले, त्यांनी पाहिलं. तोवर तिने फरशी पुसली होती, पण वही कोण पुसणार? त्यांनी चष्मा लावला आणि लिहिलं: ‘२.२० गळती. कारण: उशीर.’ कोणाचा उशीर ते लिहिलं नाही. काही बोललेही नाहीत. ती वाट बघत होती, त्यांनी निदान एक शब्द बोलावा म्हणून. तिलाही स्वतःहून काही बोलता येईना. तेवढ्यात जेवणं झाली, भांडी झाली, दिवस संपला.

सकाळी ती आठ वाजता गणवेश घेऊन शाळेत गेली. मोठ्या बाईंनी एकेक शर्ट उलटसुलट करून पाहिला, खूश झाल्या. साडेनऊला ती घरी आली. घर गप्प होतं. वायसरची चटई गुंडाळून उन्हात ठेवलेली. त्याचं पाण्याचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. गाडी नाही, झोळी नाही, सासरे नाहीत. मशीनवर वही उघडी होती आणि त्यात वळणदार, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘महिनाअखेर. ९.१५. वायसर – पाणी सोडले. सहीसाठी सादर.’

तिने ते दोनदा वाचलं. महिनाभर पा. सो. वाचलं होतं, पण हे तिने कधी पूर्ण लिहिलेलं पाहिलं नव्हतं. वायसरवर पाणी सोडले. नवरा त्या संध्याकाळी म्हणाला होता ते. काल गळती झाली, आज महिना भरला, आणि ह्या माणसाने दिलेली वेळ कधी चुकवलेली नाही. तिला तोंड उघडावं लागणार नाही, असं ते म्हणाले होते. आणि ती काल खरंच गप्प बसली होती.

ती चप्पल न घालताच निघाली. दवाखाना वीस मिनिटांवर, ती दहा मिनिटांत पोचली असेल. डॉक्टरीणबाई कोणा मांजराला पट्टी बांधत होत्या. “अजून आले नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण येतील. आज दहाची वेळ आहे त्यांची. उशीर करणारे नाहीत ते.”

“आले तर हात लावू नका त्याला,” ती धापा टाकत म्हणाली. “मी सांगितलंय म्हणावं. सुनेने सांगितलंय.”

ती दारातच वाट बघत उभी राहिली. घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली. एकतीस वर्षांत जे घडलं नाही ते घडत होतं. ती उलट निघाली, ह्या वेळी मागच्या रस्त्याने, आणि दुसऱ्या वळणावर तिला गाडी दिसली. गाडीत वायसर, मान वर करून बसलेला. शेजारी चेंबरचं उघडं झाकण, आणि चेंबरच्या तोंडाशी वॉलमन, चावीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू फिरवत. त्यांच्या जागी आलेला नवा वॉलमन, म्हणजे नवा म्हणायचं एवढंच, तोही पन्नाशीचा होता, कंबरेवर हात ठेवून उभा होता.

सुनेला पाहून तो पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, जरा बघा ना. व्हॉल्व्ह अडकला होता म्हणून मी ह्यांना हाक मारली. तो सुटून वीस मिनिटं झाली. हे उघडतायत, बंद करतायत, परत उघडतायत. सोडतच नाहीत चावी.”

ती सासऱ्यांजवळ गेली. त्यांनी वर पाहिलं नाही. “जरा घट्ट होता,” ते म्हणाले. “निघतोच आहे आता. उशीर झाला.”

“बाबा, ते वहीत काय लिहिलंत तुम्ही? पाणी सोडले म्हणून?”

“सोडलंच. सव्वानऊला. चांगलं सोडलं, दाब उत्तम होता.” मग तिचे पाय आणि चेहरा पाहून ते गोंधळले. “महिनाअखेरची नोंद पूर्ण अक्षरांत करायची असते. खात्याची पद्धत आहे. साहेबाच्या सहीसाठी ठेवायची. म्हणून तुझ्या मशीनवर ठेवली.”

“मला वाटलं, वायसरवर पाणी सोडलंत!”

 “ते करायलाच निघालो होतो,” ते म्हणाले. “काल गळती झाली ना. शब्द दिला होता. वाटेत ह्याने हाक मारली. म्हटलं, बरं झालं, तेवढीच...”  हात अजून चावीवरच होते.

आता मात्र ती रडली, भर रस्त्यात, नव्या वॉलमनच्या देखत. “कालची गळती त्याची नव्हती, बाबा. माझी होती. दोन वाजले ते मला दिसले होते, आणि मी काज करत बसले. मी रात्री जेवताना सांगणार होते आणि सांगितलं नाही. माझं नाव लिहा वहीत.”

“वहीत नाव लिहायची पद्धत नाही. कारण लिहितात फक्त.”

“काय पण पद्धत तुमची! उठा आधी.”

तिने चावीवरचे त्यांचे हात एकेक करून सोडवले. वायसरने गाडीतून मान पुढे काढली. झाकण बंद झालं तेव्हाच तो सवयीने हलला.

घरी येऊन तिने वही समोर घेतली. साहेबाच्या सहीच्या जागी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मुदतवाढ मंजूर.’ वॉलमननी चष्मा लावून वाचलं. “किती दिवसांची ते लिहिलं नाहीस.”

“तो रकाना कोराच राहू दे.”

मुदत अकरा महिने चालली. दोनची पाळी कायमची तिची झाली; माप घेता घेता मध्येच टेप गळ्यात टाकून ती अंगणात जायची, आणि गिऱ्हाइकं थांबायची. गळत्या झाल्या, पुसल्या गेल्या, कारणं लिहिली गेली. दर महिनाअखेरीला वही मशीनवर यायची, ती सही करायची. एक गोष्ट तिने बदलून घेतली. तेव्हापासून नोंदीत ‘वायसरने’ असं लिहिलं जाऊ लागलं. तो ‘ने’ खात्याच्या पद्धतीत बसत नाही, अशी कुरकूर वॉलमन दर वेळी करायचे आणि दर वेळी लिहायचे.

मग एका सकाळी सव्वानऊला झोळी पुढे केली तेव्हा वायसरने शेपूट हलवली नाही. तो झोपेतच गेला होता. चटई कोरडी होती. वॉलमन बराच वेळ त्याच्या पोटावर तळवे ठेवून बसले. मग उठले, चष्मा लावला, आणि गल्लीचं पाणी बंद केल्यावर एकतीस वर्षं जे दोन शब्द लिहिले तेच पूर्ण अक्षरांत लिहिले: ‘९.१५. पाणी बंद. सहीसाठी सादर.’ वही मशीनवर ठेवली आणि ते अंगणात जाऊन बसले.

सही झाल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, हाही त्यांच्या खात्याचा नियम. वही अजून मशीनच्या खणात आहे, सहीची जागा कोरी आहे, आणि वॉलमननी ती कधी मागितलेली नाही.